कोंकणची किनारवाट

कोंकणच्या किनाऱ्यानें मोटारसायकलवरून प्रवास करण्याची हौस अलीकडे पुष्कळ वाढली आहे. पावसाळा सरून रस्ते कोरडे झाले कीं मुंबई, पुणें, कोल्हापूर वगैरे शहरांतून तरुण स्त्रीपुरुष दोघेदोघे किंवा चारचारांच्या टोळीनें निघतात आणि पांचसहा दिवसांत अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा पाहून परत येतात. या वाहनाला आपल्याकडे पूर्वीं फटफटी म्हणत. नांव थट्टेचें असलें तरी वाहन या मुलखाला सोयीचें आहे. कारण अरुंद वळणें, नारळीपोफळींच्या वाड्यांमधून जाणाऱ्या पाखाड्यांलगतच्या वाटा आणि खाडींतील बोटी या तिन्ही ठिकाणीं त्याला सहज शिरकाव मिळतो.

परत आलेल्या प्रवाशांपैकीं बहुतेकांची एक तक्रार मात्र ठरलेली असते. नकाशावर जें अंतर दोन बोटांचें दिसतें, तें कापावयास अर्धा दिवस कां लागावा? दाभोळच्या धक्क्यावर उभें राहिलें असतां पलीकडील धोपावें गांवचीं घरें डोळ्यांनीं मोजतां येतात. परंतु जमिनीवरील रस्त्यानेंच तेथें जाईन म्हटलें तर चिपळूणावरून शंभर किलोमीटरांहून अधिक वळसा पडतो. असें कां व्हावें? श्रोतेहो, आजच्या भाषणांत या एका प्रश्नाचाच उलगडा करण्याचें मीं योजिलें आहे. त्याचें उत्तर एका शब्दाचें आहे, व तो शब्द म्हणजे खाडी. ज्याला खाडी समजली त्याला कोंकणांतील रस्ता, गांव, बंदर आणि किल्ला हीं सारीं समजण्याची किल्ली सांपडली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

प्रथम ही खाडी झाली कशी तें पाहूं. सह्याद्रीचा माथा समुद्रापासून फार दूर नाहीं. बहुतेक ठिकाणीं तें अंतर पन्नासपासून ऐंशी किलोमीटरांपर्यंतच भरतें. त्यामुळें पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या आंखूड आणि उताराच्या आहेत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत त्यांच्यांत प्रचंड पाणी येतें आणि त्या पाण्यानें युगानुयुगें खोल दऱ्या कोरल्या. शेवटच्या हिमयुगांत पृथ्वीवरील पुष्कळसें पाणी बर्फाच्या रूपानें गोठून राहिलें होतें. तेव्हां समुद्राची पातळी आजच्यापेक्षां शंभर मीटरांहून अधिक खालीं होती. पुढें बर्फ वितळलें, समुद्र वर चढला आणि नद्यांच्या मुखाकडील दऱ्यांत त्याचें पाणी शिरलें. अशा बुडालेल्या दऱ्या म्हणजेच आपल्या खाड्या. उत्तरेकडून निघालें तर रेवदंड्याजवळ कुंडलिका, मुरुडच्या दक्षिणेस राजपुरीची खाडी, बाणकोटास सावित्री, दाभोळास वाशिष्ठी, जयगडास शास्त्री, रत्नागिरीलगत भाट्याची खाडी, पूर्णगडास मुचकुंदी, विजयदुर्गास वाघोटण आणि अगदीं शेवटीं गोव्याच्या सीमेवर तेरेखोल, अशी ही मालिका आहे. लहानसहान खाड्या निराळ्याच. महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी पाठ्यपुस्तकांतून फार दिवस ७२० किलोमीटर सांगितली जात असे. अलीकडील सूक्ष्म मोजणींत ती बरीच वाढली. किनारा वाढला नाहीं. खाड्यांचीं व आखातांचीं वळणें पूर्वींपेक्षां बारकाईनें मोजलीं गेलीं, इतकेंच.

दोन खाड्यांच्या मध्यें जी जमीन उरते तिची रचना बहुधा सारखीच असते, आणि ती मोटारसायकलस्वाराच्या अंगाला जितकी कळते तितकी बंद गाडींतल्या माणसाला कळत नाहीं. वर जांभ्या दगडाचा सपाट सडा. तेथें झाड विरळ, ऊन कडक आणि वारा मोकळा. सड्याची कड संपली कीं रस्ता वळणें घेत एकदम खालीं उतरतो. हवा थंड व दमट होते, उतारावर आंबा, काजू लागतात. पायथ्याशीं नारळीपोफळींच्या सावलींत गांव, गांवापुढें पुळण आणि पुळणीच्या टोंकाला पुन्हा खाडी. हा क्रम दिवसांतून पांचसात वेळां येतो. जांभा हा मूळच्या खडकांतील विरघळणारे अंश पावसाच्या पाण्यानें निघून जाऊन लोखंड व ॲल्युमिनियम यांचे अंश मागें राहिल्यानें झालेला दगड होय. त्याचे चिरे काढून कोंकणांतील घरें व गडगे बांधले जातात. सड्याला परका मनुष्य ओसाड म्हणतो. परंतु रत्नागिरी व राजापूर या तालुक्यांतील सड्यांवरच कशेळी, उक्षी, बारसू अशा ठिकाणीं पुरातन मानवानें कोरलेलीं कातळशिल्पें आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारें अठरा मीटर लांबीचा आहे. २०२२ सालीं या शिल्पांना युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें.

आतां मोठा रस्ता किनारा सोडून आंत कां गेला हें समजणें कठीण नाहीं. मुंबईहून गोव्यास जाणारा महामार्ग महाड, चिपळूण, संगमेश्वर या गांवांवरून जातो. कारण नदीचें पात्र तेथें अरुंद असून पूल बांधणें सोपें पडतें. हीं गांवें मोठीं होण्याचें कारणहि खाडीच आहे. भरतीच्या पाण्यावर गलबतें जेथपर्यंत आंत येऊं शकत, तेथें माल उतरे आणि बैलांच्या पाठीवरून घांट चढे. महाड, चिपळूण व राजापूर यांचा व्यापार असा वाढला. खाडीच्या मुखाशीं मोठीं बंदरें होतीं. चौल हें फार प्राचीन बंदर. दाभोळ हें बहामनी काळांत इतकें भरभराटलेलें होतें कीं, पंधराव्या शतकांत हिंदुस्थानांत येऊन गेलेला निकितिन हा रशियन प्रवासी परतीच्या जहाजांत तेथेंच चढला. ज्याच्या हातीं खाडीचें मुख त्याच्या हातीं जकात, हा न्याय असल्यामुळें बाणकोट, जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग असे किल्ले खाड्यांच्या मुखाशींच उभे आहेत. तात्पर्य, आज जी खाडी आपल्याला रस्त्यांतील खंड वाटते, तोच त्या काळचा राजरस्ता होता. गांवांचीं तोंडें समुद्राकडे होतीं. पाठ होती ती डोंगराकडे. हा जलमार्ग निर्धोक होता असें मात्र नाहीं. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजीं बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. ती आठवण किनाऱ्यावर अद्याप पुसलेली नाहीं.

किनाऱ्यानेंच जावयाचें तर प्रवाशानें खाडीशीं जुळवून घेतलें पाहिजे. पूर्वीं माणसें तरींतून पलीकडे जात. आतां वाहनें घेणारी सपाट तळाची फेरीबोट असते. तिला तिकडे जंगलजेटी असेंहि म्हणतात. दाभोळ व धोपावें यांमधील अशी सेवा २००३ सालीं सुरू झाली. आगरदांडा ते दिघी, बागमांडलें ते वेसवी आणि तवसाळ ते जयगड हीं अशींच ओलांडण्याचीं ठिकाणें होत. मुंबईकरांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जानेवारी २०२४ मध्यें खुल्या झालेल्या अटल सेतूवर दुचाकीला मज्जाव आहे. परंतु २०२० सालीं सुरू झालेल्या मुंबई-मांडवा बोटींतून ती नेतां येते. बोटींत वाहन चढवितांना घाई करूं नये. ओहोटीच्या वेळीं धक्क्याचा खालचा उतार उघडा पडतो. तो ओला व शेवाळलेला असतो, आणि चाक घसरतें तें नेमकें तेथें. पावसाळ्यांत व वादळी हवेंत बोटी बंद राहूं शकतात, म्हणून निघण्यापूर्वीं चौकशी करणें इष्ट.

भरतीओहोटीचा अंदाज बांधण्यास घड्याळ व पंचांग पुरे. कोळ्यांचा जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां; आणि सुमारें सहा तासांनीं ओहोटी. यांतील इंगित असें कीं, चंद्र दररोज पाऊण तासाहून किंचित् अधिक उशिरा माथ्यावर येतो व भरतीहि त्याच्यामागें सरकते. मुंबईच्या आसपास हा हिशेब बराच जुळतो, दक्षिणेकडे थोडें अंतर पडतें. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण असतें, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. हें ज्ञान केवळ कुतूहलाचें नाहीं. हेदवीची बामणघळ पाहावयाची तर भरतीलाच गेलें पाहिजे. कारण खडकाच्या चिंचोळ्या भेगेंत लाट कोंडली जाऊन पाणी उंच उसळतें, तें त्याच वेळीं. उलट अनोळखी पुळणीवर ओहोटीच्या वेळीं पोहणें अगदीं टाळावें. परत जाणारें पाणी पट्टीच्या पोहणाऱ्यालाहि आंत ओढतें. गांवचा मनुष्य नको म्हणाला तर त्याचें ऐकावें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें सारें सांगितलें तिकडे वळतों. पुळण दिसली कीं तीवर वाहन दौडविण्याचा मोह पुष्कळांना होतो. ओली वाळू घट्ट असते, चाक सुरेख पळतें. परंतु भरती चढूं लागली कीं तीच वाळू चाकाखालीं ढिली होते आणि रुतलेलें वाहन खाऱ्या पाण्यांत सांपडतें. हें नुकसान प्रवाशाचें. दुसरें नुकसान किनाऱ्याचें, आणि तें अधिक मोठें आहे. पुळणीच्या वरच्या अंगास वाळूचे उंचवटे असतात. त्यांवर जांभळ्या फुलांची एक वेल पसरते. तिला आपल्या पूर्वजांनीं मर्यादवेल असें नांव दिलें. ही वेल वाळू धरून ठेवते, आणि वाळू लाटांना अडवून मागचें गांव राखते. चाकाखालीं वेल तुटली कीं वारा वाळू उडवितो व समुद्राला वाट मिळते. समुद्र आंत येतो ही कल्पना नव्हे. आंजर्ल्याचें गणपतीचें देऊळ मूळ किनाऱ्यावर होतें व समुद्र पुढें आल्यामुळें देवाला कड्यावर नेलें, अशी कथा तेथें परंपरेनें सांगतात.

याच पुळणीवर रात्रीं समुद्रकांसवाच्या माद्या अंडीं घालण्यास येतात. वेळास येथें २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साह्यानें या अंड्यांचें रक्षण चालविलें आणि पुढें आंजर्लें वगैरे अनेक गांवांनीं तोच कित्ता गिरविला. दीडदोन महिन्यांनीं पिलें वाळूंतून वर येतात व क्षितिजावरील उजेडाच्या रोखानें समुद्राकडे निघतात. तळहातापेक्षांहि लहान अशा त्या जिवाला मोटारसायकलच्या चाकाची चाकोरी म्हणजे खंदकच. त्यांत तें अडकतें, भलतीकडे भरकटतें आणि कावळ्याकुत्र्यांचें भक्ष्य होतें. चाकाखालीं दाबल्या गेलेल्या वाळूंतून वर येणेंहि त्याला जड जातें. मागील दिव्याचा अगर टॉर्चचा झोत पडला तर दिशाच चुकते. म्हणून नियम सोपा करावा: जेथें मर्यादवेल दिसली तेथें आपल्या वाहनाची मर्यादा झाली. चाक गांवांत ठेवावें आणि पुढें पायीं जावें.

शेवटीं पुलांविषयीं. बॅरिस्टर अंतुले १९८० ते १९८२ या काळांत मुख्यमंत्री असतांना रेवस ते रेडी हा अखंड सागरी मार्ग करण्याची कल्पना पुढें आली. कांहीं खाड्यांवर पूल होऊन गेले. उरलेल्या मोठ्या खाड्यांवरील पुलांचीं कामें आतां हातीं घेण्यांत आलीं आहेत. त्यांना विरोध करणें योग्य होणार नाहीं. मध्यरात्रीं ज्याच्या घरीं बाळंतीण अडली आहे, त्याला बोटीची वाट पाहा असें सांगण्याचा अधिकार सहलीला आलेल्या माणसाला नाहीं. हर्णैच्या लिलावांत घेतलेली मासळी वेळेवर पोंचविणारीलाहि पूल हवाच. पण पूल झाल्यावर आज पांच दिवसांत होणारी वाट दोन दिवसांत होईल, येणाऱ्यांची संख्या कैकपट वाढेल, आणि आजवर खाडीनें जो आवर आपोआप घातला तो उद्यां प्रत्येकाला स्वतः घालावा लागेल. त्याची संवय आजच लावून घेणें बरें. दिवसाला एक खाडी ओलांडावी, ओलांडल्यावर त्या कांठच्या गांवीं एक रात्र राहावें, सड्यावर उतरून पायांखालचा कातळ पाहावा, घरीं निघण्यापूर्वीं वाहन गोड्या पाण्यानें धुवून साखळीला तेल द्यावें, आणि वाळूवर आपल्या पावलांखेरीज दुसरी खूण ठेवूं नये. तीं पावलें पुढची भरती पुसून टाकते.