गोमाता आणि गायरान

आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वसुबारसेस, आपल्या घरोघरीं सवत्स धेनूचें पूजन होतें. त्या दिवशीं गाईचें दूध वर्ज्य करण्याचा नेम कित्येक भगिनी अद्याप पाळतात. हा आचार स्तुत्यच आहे. परंतु जिला आपण वर्षांतून एकदां हळदकुंकू वाहून घांस देतों, ती गाय वर्षाचे उरलेले दिवस कोठें चरते, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांतून क्वचितच विचारला जातो. त्याचें उत्तर दिवसेंदिवस कठीण होत चाललें आहे. तें कसें, हें वऱ्हाडांतील यवतमाळ जिल्ह्याच्या उदाहरणावरून वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या प्राचीनांनीं गाईबरोबर गवताचाही विचार केला होता. गांवाभोंवतीं शंभर धनुष्यें, म्हणजे चारशें हात, रुंदीची भूमि गुरांसाठीं मोकळी ठेवावी व नगराभोंवतीं तिच्या तिप्पट ठेवावी, असें मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सांगितलें आहे. तिला 'परीहार' अशी संज्ञा आहे. त्या पट्ट्यांत कोणी कुंपणावांचून धान्य पेरलें आणि गुरांनीं तें खाल्लें, तर गुराख्यास दंड करूं नये, असाही तेथें निर्बंध आहे. कौटिल्यानें तर नांगरास अयोग्य अशी भूमि पशूंस द्यावी असें सांगून चराऊ रानांच्या देखरेखीसाठीं 'विवीताध्यक्ष' हा स्वतंत्र अधिकारीच योजिला. चराऊ रान म्हणजे उरलीसुरली पडीक जागा नव्हे, तर तें राज्यव्यवस्थेचें एक अंग होय, ही दृष्टि या नियमांच्या मुळाशीं आहे.

यवतमाळ जिल्ह्याची रचनाच अशी आहे कीं, तेथें ही दृष्टि सहज पटावी. मध्यभागीं डोंगराळ पठार, एका अंगास वर्धा नदी व दुसऱ्या अंगास पैनगंगा. नदीखोऱ्यांतील जमीन काळी व कसदार. पठारावरील पुष्कळशी बरड, म्हणजे उथळ व मुरमाड. काळींत नांगर चालावा आणि बरडावर गुरें चरावीं, ही जुनी वांटणी. सकाळीं गांवचीं गुरें आखरावर जमत, गायकी तीं रानांत नेई, आणि दिवेलागणीस तीं गोठ्यांत परतत. या रोजच्या फेरींतच शेतीचें मर्म होतें. दिवसा बरडावरील गवत गुरांच्या पोटांत जाई, रात्रीं त्याचें शेण गोठ्यांत पडे, आणि उन्हाळ्यांत तें उकिरड्यांतून काळ्या शेतांत जाई. जें रान कोणी पेरीत नसे, तेंच पेरलेल्या रानास खत पुरवी. शिवाय ज्याच्या नांवें तसूभरही जमीन नाहीं अशा मजुराची शेळी किंवा निराधार विधवेची गाय याच रानावर जगे. त्या घरच्या लेंकरास दुधाचा थेंब मिळे, तो गायरानाच्या कृपेनें.

ही घडी विसकटली ती एकाएकीं नव्हे. १८५३ मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें. पुढें १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस विलायतेस पोहोंचेनासा झाला, तेव्हां वऱ्हाडच्या कापसास सोन्याचें मोल आलें आणि जमिनीची हांव वाढली. गांवच्या चराऊ सरकारी जमिनीस महसुली दप्तरांत 'ई-क्लास' हें नांव पडलें, व खेड्यांतील मंडळी आजही तिला याच नांवानें ओळखतात. पुढें वस्ती वाढली, अतिक्रमणें झालीं, सार्वजनिक इमारतींस जागा गेल्या. अलीकडे राज्यांत सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठींही गायरानें दिलीं जात आहेत. दुसरीकडे शेतांतील वैरणही घटली. पूर्वीं कापसाबरोबर ज्वारी असे व तिचा कडबा गुरांस मिळे. ज्वारीची बरीचशी जागा आतां सोयाबीननें घेतली आहे. सोयाबीनचें कुटार गुरें खातात, परंतु कडब्याची सर त्यास नाहीं.

या दुहेरी टंचाईचा प्रत्यय २००६ सालीं आला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें यवतमाळचें नांव देशभर झालें होतें. त्या वर्षीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीं विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं साहाय्ययोजना जाहीर केली, व तिच्या अन्वयें सवलतीनें दुभत्या गाई वांटण्यांत आल्या. हेतु चांगला होता; परंतु भारी गाईस भारी खुराक लागतो. कित्येक शेतकऱ्यांस ती गाय पोसणें कुटुंब पोसण्याहून जड गेलें, आणि कांहींनीं ती विकून टाकली. गाय आधीं व गवत मागाहून, या उलट्या क्रमाचें तें फळ होतें. २०१५ पासून राज्यांत गाईप्रमाणेंच बैलांच्या हत्येसही बंदी आहे. त्या निर्बंधाविषयीं कोणाचें कांहींही मत असो. काम न करणाऱ्या जनावरांसही रोज चारा लागतो, हें निर्विवाद आहे.

दुसरें उदाहरण अधिक करुण आहे. राळेगांव व त्याच्या लगतच्या तालुक्यांतील विरळ रानांत २०१६ ते २०१८ या काळांत सुमारें तेरा माणसें 'अवनी' या वाघिणीनें मारलीं, असें मानलें गेलें. मृतांत शेतकरी होते तसेच गुराखीही होते. २ नोव्हेंबर २०१८ रोजीं रात्रीं बोराटी गांवाजवळ तिला गोळी घालण्यांत आली. तिचा कैवार घेणारे आणि ग्रामस्थांचा कैवार घेणारे यांचा वाद वर्तमानपत्रांतून फार गाजला. परंतु गुराखी जिवावर उदार होऊन त्या झाडोऱ्यांत कां शिरतो, हा प्रश्न मागें पडला. गांवाशेजारीं पोटभर गवत असतें, तर त्यांतील कित्येकांस तिकडे जाण्याचें कारण पडलें नसतें.

जमिनीची कहाणीही अशीच आहे. चांगल्या रानांत मारवेल, पवन्या, शेडा अशीं बहुवर्षायु गवतें असतात. त्यांच्या दाट मुळ्या माती धरून ठेवतात आणि पावसाचें पाणी मुरवितात. थोड्या रानांत फार गुरें चरलीं म्हणजे हीं गवतें फुलोऱ्यावर येण्यापूर्वींच खुडलीं जातात व बीं पडत नाहीं. मग कुसळी माजते. तीही गेली कीं गुरें ज्यास तोंड लावीत नाहींत तो तरोटा पसरतो. शेवटीं मुरूम उघडा पडतो, आणि जें पाणी विहिरीस मिळावयाचें तें माती घेऊन नाल्यास जातें.

कायदा याबाबतींत मुका नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या बाविसाव्या कलमांत गांवच्या गुरांच्या मोफत चराईसाठीं जमीन राखण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयानें २८ जानेवारी २०११ रोजीं जगपालसिंग खटल्याच्या निकालांत सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें दूर करण्यास सर्व राज्यांस बजावलें. मात्र येथें विवेक सुटतां कामा नये. गायरानाचा तुकडा कसणारा पुष्कळदां पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन राहिलेला दलित वा आदिवासी असतो. ज्यांच्या पूर्वजांस वतनें व विद्या दोन्ही लाभलीं, अशा आपण त्यास उपरा म्हणून हिणवणें न्यायाचें नव्हे. भूमिहीनांस व अनुसूचित जातिजमातींस शासनाच्या आदेशानें दिलेल्या जमिनींचा अपवाद त्या निकालांतही आहे. अतिक्रमणें हटवावयाचीं तर आधीं धनिकांचीं हटवावीं.

उपाय अवघड नाहींत. त्यांस एकोपा मात्र लागतो. अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें मोकाट चराई बंद करून गवत कापून गोठ्यांत नेण्याची शिस्त लाविली, व ओसाड टेंकड्यांवर पुन्हां गवत आणलें. यवतमाळच्या गांवांनींही गायरानाचे भाग पाडून एकेक भाग पावसाळाभर राखावा, बीं पडूं द्यावें, दिवाळीच्या सुमारास गवत कापून घरटीं वांटावें व मगच गुरें सोडावीं. त्यांत भूमिहीनाचा वांटा पहिल्यानें धरावा. कारण त्याच्या शेळीस दुसरें रान नाहीं.

आपण शहरवासी यांत काय करणार, असें कोणी विचारील. पुष्कळांचीं वडिलोपार्जित शेतें गांवीं आहेत. त्यांतील बरड तुकडा नांगराखालीं न घालतां गवतास सोडतां येईल. गोग्रासासाठीं जो पैसा आपण काढून ठेवतों, तो गवताच्या बियाण्यास व रान राखणाऱ्याच्या मजुरीस देतां येईल. एका गाईस एक दिवस घांस देण्याचें पुण्य मोठें खरें; परंतु सबंध गांवच्या गुरांस वर्षभर पुरेल असें रान राखण्याचें पुण्य त्याहून मोठें आहे.