जुनी वाहने मोडीत. रोजगार कोणाच्या पदरात?

जुने वाहन मोडीत काढणाऱ्यास सवलत द्यावी आणि त्यायोगे नव्या वाहनांचा खप, कारखान्यांतील रोजगार व शहरांची हवा ही तिन्ही एकदमच सुधारावीत, ही कल्पना ऐकताक्षणी पटणारी आहे. २०२१ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात तिची घोषणा झाली. १८ मार्च २०२१ रोजी नितीन गडकरी यांनी लोकसभेत तिचा तपशील मांडला आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते धोरणाचा प्रारंभ झाला. हेतूविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो हिशेबाचा. आणि सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांत बसून हा हिशेब मांडला, तर तो दिल्लीतील हिशेबापेक्षा वेगळा निघतो.

धोरणाच्या आराखड्यानुसार अधिकृत केंद्रात वाहन मोडल्यास भंगाराची किंमत म्हणून नव्या वाहनाच्या किमतीच्या ४ ते ६ टक्के रक्कम मिळावी. राज्यांनी रस्ताकरात खाजगी वाहनास २५ व व्यापारी वाहनास १५ टक्क्यांपर्यंत सूट द्यावी. नोंदणीशुल्क माफ व्हावे, अशी योजना आहे. उलटपक्षी, जुने वाहन बाळगणे महाग करण्यात आले. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. या साऱ्यातून १०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक व ३५,००० रोजगार निर्माण होतील, असा सरकारचा अंदाज होता.

जमेची बाजू आणि नावेची बाजू

हा अंदाज खोटा आहे असे नव्हे. तो अपुरा आहे. त्यात जमा आहे, नावे नाही. त्याच वेळी लोकसभेत दिलेल्या आकड्यांनुसार वीस वर्षांवरील हलकी वाहने ५१ लाख, पंधरा वर्षांवरील ३४ लाख आणि योग्यता प्रमाणपत्र नसलेली पंधरा वर्षांवरील मध्यम व अवजड वाहने १७ लाख होती. म्हणजे सुमारे एक कोटी वाहने. ही वाहने चालतात, कारण कोणीतरी ती चालती ठेवतो. फिटर, वेल्डर, रंगारी, जुन्या सुट्या भागांचा दुकानदार, टायर रिमोल्ड करणारा, अशी ही माणसे आहेत. समजा, शंभर जुन्या वाहनांमागे एकाच माणसाचे पोट भरते. तरी एक कोटी वाहनांमागे एक लाख माणसे होतात. त्यांतील काही नव्या वाहनांच्या दुरुस्तीकडे वळतील हे खरे. परंतु संगणकाने तपासायचे इंजिन कंपनीच्या अधिकृत केंद्राकडे जाते, कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे नव्हे.

परदेशांचा अनुभवही सावध करणारा आहे. २००९ च्या मंदीत अमेरिकेने अशाच योजनेवर सुमारे तीन अब्ज डॉलर खर्च केले आणि जवळजवळ ७ लाख मोटारी मोडीत काढल्या. आतिफ मियाँ व अमीर सूफी या अर्थशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या शहरांची तुलना करून दाखविले, की वाढलेली खरेदी मार्च २०१० पर्यंत जवळजवळ पूर्णपणे ओसरली. लोकांनी उद्याची खरेदी आज केली, एवढेच. ज्या शहरांना योजनेचा अधिक लाभ मिळाला, तेथेही रोजगारावर परिणाम झाल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. जर्मनीने त्याच वर्षी ५ अब्ज युरो ओतले. मोटारींची विक्री २००९ मध्ये ३८ लाखांवर गेली आणि २०१० मध्ये २९ लाखांवर उतरली.

ऊसाच्या मालट्रकचे गणित

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या देशातच बनतात. तेव्हा रोजगार परदेशी जाईल ही भीती फारशी नाही. पण तो जिल्ह्याबाहेर जाईल, ही भीती रास्त आहे. कृष्णाकाठच्या कारखान्यांचा गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा. ऊस वाहणारा मालट्रक उरलेले महिने मिळेल ते भाडे मारतो किंवा उभा राहतो. अशा कामाला जुने वाहन वापरणे हा मागासलेपणा नसून तो शहाणपणाचा हिशेब आहे.

समजा, नवा मालट्रक ३० लाखांचा आहे. भंगाराचे ६ टक्के धरले तर १ लाख ८० हजार मिळतील. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपन्यांनी मर्यादित मुदतीसाठी मालट्रकवर जी ३ टक्के सूट देऊ केली, तीही धरली तर आणखी ९० हजार. एकूण २ लाख ७० हजार. उरलेले २७ लाखांहून अधिक कोठून आणावयाचे? कर्जातूनच. हंगाम पाच महिन्यांचा आणि हप्ता बारा महिन्यांचा! ज्याला हा हप्ता पेलतो, तो सवलतीवाचूनही नवे वाहन घेणारच होता. ज्याला पेलत नाही, त्याला सवलत निरुपयोगी आहे; वाढीव शुल्काचा भार तेवढा त्याच्या वाट्याला येतो.

जुने वाहन मजुरी खाते, नवे वाहन व्याज खाते. मजुरीचा पैसा कराड, विटा, तासगाव, मिरजेच्या गॅरेजांतून पुन्हा गावच्याच बाजारात फिरतो. व्याजाचा पैसा बाहेर जातो. सरकारी अंदाजात हा भेद कोठेच दिसत नाही.

दुसरी बाजू

तथापि, जुने ते सारे टिकवावे असेही म्हणता येणार नाही. निकामी ब्रेकचा मालट्रक खंबाटकी घाटात उतरतो तेव्हा जीव त्याच्या मालकाचा एकट्याचा जात नाही. काळ्या धुराची किंमतही इतरच मोजतात. शिवाय नवी वाहने बनू लागली, की सातारा व कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींतील सुटे भाग करणाऱ्यांना मागणी येते, आणि भंगार हा फाउंड्रीचा कच्चा मालच आहे. मात्र मागणी फुगवून आलेला रोजगार किती टिकतो, हे साताऱ्याला ठाऊक असावे. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ एके काळी घरोघरी हवीशी होती. पुढे ग्राहक मोटारसायकलकडे वळला आणि २००६ मध्ये तेथील स्कूटरचे उत्पादन थांबले. ग्राहकाची आवड फिरली, की मोठ्या कारखान्याचा रोजगारही हलतो.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, निकष वयाचा नसून योग्यतेचा असावा, आणि स्वयंचलित तपासणी केंद्रे तालुक्याच्या आवाक्यात असावीत. दुसरी, मोटार बदलणाऱ्या सुखवस्तू कुटुंबाऐवजी एकाच मालट्रकवर जगणाऱ्या मालकाला व्याजात सवलत मिळावी, आणि हप्ते हंगामाशी जुळवावेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, वाहन मोडण्याचे काम मोठ्या भांडवलदारांपुरते न ठेवता मेस्त्र्यांच्या सहकारी संस्थांना ते करू द्यावे. यंत्र जोडणारा हात ते सुटे करण्यातही वाकबगार असतो. साखर आणि दूध सहकारात आणणाऱ्या या जिल्ह्यांना हे अशक्य नाही. मोडीत निघालेले लोखंड जवळच्याच फाउंड्रीत वितळले, तर मजुरीही येथेच राहील.

वाहनाचे आयुष्य संपले की त्याला निरोप द्यावा, हे योग्यच. परंतु त्याबरोबर ते दुरुस्त करणाऱ्याची उपजीविकाही मोडीत काढावयाची असेल, तर तिची किंमत सरकारने आधी हिशेबात धरली पाहिजे.