जुनी मोठी गाडी घेताना



ऊसबिल खात्यावर पडले की गावोगाव जुन्या गाड्यांचे दलाल फिरू लागतात. घरात सात-आठ माणसे, वस्तीवर जाणारा रस्ता खडबडीत आणि नवी गाडी परवडत नाही. तेव्हा जुनी स्कॉर्पिओ किंवा बोलेरो घ्यावी हा विचार काही वावगा नाही. पण बेणे घेताना आपण पाचट सोलून डोळा बघतो आणि लाखांची गाडी मात्र रंग बघून उचलतो, हे बरे नव्हे.

नदीकाठच्या भागात पहिली शंका पुराची घ्यावी. कृष्णा-पंचगंगेला ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये महापूर आले. पाण्यात बसलेली गाडी धुऊनपुसून पुन्हा विकायला येऊ शकते. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला गाळाचे डाग दिसले तर पुढे बोलूच नका. सीटखाली आणि स्टेपनीच्या जागेतही हात घालून बघा.

इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ऑइलचे झाकण उघडल्यावर ताकासारखा फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी जात असल्याचा संशय घ्यावा आणि मेकॅनिकला दाखवावे. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, म्हणून क्लचच्या पेडलचे रबर किती झिजले तेही बघावे.

इथपर्यंत मेकॅनिक सांगेल. कागदाचे फारसे कोणी सांगत नाही आणि खरे भांडण तिथेच होते.

आर.सी.वरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. आर.सी.वर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. २०१५ मध्ये हरित लवादाने दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली, तेव्हापासून तिकडच्या गाड्यांची स्वस्ताई बरीच ऐकू येते. पण परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला लागतो, शिवाय इथला रोड टॅक्स भरावा लागतो. तो धरून हिशोब करा. १५ वर्षे होत आलेली गाडी असेल तर पासिंग आणि पर्यावरण कराचा खर्चही धरा.

ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत गाडी नावावर करण्याचा अर्ज करायचा असतो. विमा नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत द्यायचा, म्हणजे ऊसबिलाची जी मुदत तीच.

आता विकणाऱ्यांसाठी. आपले पुष्कळ सभासद फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून दलालाच्या हवाली करतात नि मोकळे होतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली होती, पण आर.सी.वर नाव पहिल्याचेच. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदीतल्या मालकावर आली. गाडी गेली, पैसेही खर्चून झाले आणि नोटीस घरी!

म्हणून ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात. घेणाऱ्याने दहा-वीस हजार रुपये नाव चढेपर्यंत राखून ठेवावेत, नि ते इसारपावतीतच लिहून घ्यावे. दलाल कुरकुर करतो, पण ऐकतो.