प्रोग्रामिंग भाषेची निवड आणि समुदाय संस्कृती

प्रस्तावना :
प्रोग्रामिंग भाषेची निवड ही केवळ तांत्रिक बाब आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वेग, व्याकरणाची सुलभता व नोकरीच्या संधी या निकषांवर भाषांची तुलना केली जाते. तथापि, प्रत्येक भाषेभोवती तिच्या वापरकर्त्यांचा समुदाय असतो. नवागताच्या प्रश्नाला मिळणारे उत्तर, लेखनाचे संकेत आणि माहितीपुस्तिकांची भाषा यांतून त्या समुदायाची संस्कृती घडते. तिचा परिणाम मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्यावर अधिक होतो. कारण वर्गाबाहेर त्याला विचारण्यासाठी जाणकार क्वचितच भेटतो.

संकेतांतील भेद :
लॅरी वॉल यांच्या पर्ल (१९८७) या भाषेच्या समुदायाने एकच काम अनेक प्रकारे करण्याच्या स्वातंत्र्याला महत्त्व दिले. गिडो व्हान रॉसम यांच्या पायथन (१९९१) या भाषेच्या समुदायाने मात्र एका स्पष्ट मार्गाचा आग्रह धरला आणि २००१ मध्ये लेखनसंकेतही निश्चित केले. त्यामुळे एकाची आज्ञावली दुसऱ्यास वाचणे सुलभ होते. जपानमधील युकिहिरो मात्सुमोतो यांच्या रूबीविषयीचे (१९९५) आरंभीचे बहुतेक लेखन जपानी भाषेत होते. इंग्रजी ग्रंथ २००० मध्ये आल्यानंतर तिचा अन्यत्र प्रसार वाढला. भाषेची गुणवत्ता तीच होती. बदलले ते तिच्यापर्यंत पोहोचण्याचे साधन.

मराठी विद्यार्थ्याचा प्रश्न :
पायथनच्या २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना देवनागरीत नावे देता येतात. परंतु त्याच भाषेचे लेखनसंकेत इंग्रजी नावे व इंग्रजी टिपा यांनाच प्राधान्य देतात. म्हणजेच व्याकरण जी मुभा देते, तिला संस्कृती मर्यादा घालते. या संकेतामुळे जगभरातील वाचकांची सोय होते, हे खरे. मात्र मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी शंका विचारण्यासच संकोचतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' उपक्रमाने यावर एक मार्ग दाखविला आहे. त्यातील अनेक पाठांत पडद्यावरील आज्ञा इंग्रजीत, तर निवेदन मराठीत असते.

प्राध्यापकांची भूमिका :
अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवत असले, तरी प्रकल्प व पूरक अध्यापनासाठी भाषा सुचविणे प्राध्यापकांच्या हाती असते. त्या वेळी पुढील बाबी तपासाव्यात :
१) नवशिक्याच्या प्रश्नांना समुदाय संयमाने उत्तरे देतो काय?
२) माहितीपुस्तिका सोप्या इंग्रजीत वा मराठीत आहेत काय?
३) इंटरनेट नसताना वापरता येईल असे साहित्य उपलब्ध आहे काय?

समारोप :
समुदाय चांगला असला म्हणून भाषा प्रत्येक कामास योग्य ठरत नाही; संगणकाच्या स्मृतीचे व्यवस्थापन समजण्यासाठी 'सी'चे महत्त्व कायम आहे. परंतु दोन भाषा कामास सारख्याच योग्य असतील, तर जिच्या समुदायात विद्यार्थी निःसंकोचपणे प्रश्न विचारू शकेल, ती निवडणे हितावह ठरते. महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळा हाच त्याचा पहिला समुदाय होय. तेथे मराठीतून विचारलेल्या प्रश्नाचा आदर झाला, तर पुढे इंग्रजीतून विचारण्याचे धैर्यही त्याला लाभते.