मांडव्याची वाट आणि पाण्याचा अडथळा

तीन हजार मीटर अंतराच्या अडथळ्यांच्या शर्यतीत, म्हणजेच स्टीपलचेसमध्ये, धावपटूला सात वेळा पाण्यावरून उडी घ्यावी लागते. या शर्यतीतील भारताचा उच्चांक पुनःपुन्हा मोडणारे श्री. अविनाश साबळे ज्या आष्टी तालुक्यातून आले, तेथे उन्हाळ्यात विहिरीत पोहण्याइतके पाणी राहील याची शाश्वती नसते. बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा हा भाग अवर्षणप्रवण आहे. पाऊस दगा देतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी घर सोडतात.

याच तालुक्यातील मांडवा या गावी १३ सप्टेंबर १९९४ रोजी श्री. साबळे यांचा जन्म झाला. आईवडील वीटभट्टीवर राबत. शाळा सुमारे सहा किलोमीटर दूर होती आणि वाहनाची सोय नसल्याने हे अंतर कधी चालत, कधी धावत काटावे लागे. पुढे नावलौकिक झाल्यावर त्यांच्या यशाचे सारे श्रेय या सहा किलोमीटरना देण्याची पद्धत पडली. ती पूर्णतः योग्य नव्हे. मराठवाड्यातील असंख्य मुलांनी शाळेसाठी अशीच पायपीट केली आहे. पायपिटीने पायांत बळ येते. खेळाची गोडी मात्र आपोआप लागत नाही.

बारावीनंतर ते सैन्यात दाखल झाले, ते घरच्यांना आधार मिळावा म्हणून. महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत असताना सियाचीनची थंडी, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीमचा डोंगराळ मुलूख असा त्यांच्या नोकरीचा प्रवास झाला. २०१५ च्या सुमारास सैन्यदलातील क्रॉस कंट्री शर्यतींत ते उतरू लागले. माळरानावरील, चढउतारांच्या या शर्यतींत त्यांचे धावणे नजरेत भरले. मध्यंतरी दुखापत झाली आणि वजनही वाढले. ते उतरवून ते पुन्हा उभे राहिले, तेव्हा सैन्यदलातील प्रशिक्षक श्री. अमरीश कुमार यांनी त्यांना स्टीपलचेसकडे वळण्याचा सल्ला दिला. हे वर्ष २०१७ चे. त्या वेळी श्री. साबळे यांचे वय बावीस-तेवीस वर्षांचे होते.

खेळाची निवड अशी उशिरा आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून व्हावी, यात नवल नाही. पुढील प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो: सुचविलेला खेळ आपलासा केव्हा होतो?

त्यासाठी ही शर्यत समजून घ्यावयास हवी. तीन हजार मीटरमध्ये पस्तीस अडथळे असतात. त्यांपैकी अठ्ठावीस कोरडे आणि सात पाण्याचे. पुरुषांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते. लहान अंतराच्या हर्डल्स शर्यतीतील अडथळा पाय लागताच कोसळतो. येथील जाड लाकडी तुळई जागची हलत नाही. धडकेल तो धावपटूच पडतो. पाण्याच्या अडथळ्यामागे ३.६६ मीटर लांबीचा खड्डा असतो. तुळईलगत तो सर्वांत खोल असतो आणि पुढे तळ चढत जाऊन धावपट्टीला मिळतो. म्हणून धावपटू तुळईवर एक पाय टेकून शक्य तितकी लांब झेप घेतो. जो दूर पडतो तो उथळ पाण्यात उतरून लगेच धावू लागतो. जो जवळ पडतो त्याचा वेग पाण्यातच विरतो. प्रत्येक फेरीत ही झेप घ्यावी लागते, आणि शेवटच्या झेपेच्या वेळी पाय शिशासारखे जड झालेले असतात. केवळ दम किंवा केवळ चापल्य येथे पुरे पडत नाही. माळरानावर धावण्याची सवय झालेल्या पायांना सपाट धावपट्टीपेक्षा हा खेळ अधिक जवळचा वाटला असल्यास आश्चर्य नाही.

गोडी लागली ती घड्याळाच्या साक्षीने, असे आकडे सांगतात. श्री. गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये टोकियो येथे ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय उच्चांक नोंदविला होता. तो सदतीस वर्षे अबाधित राहिला. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे श्री. साबळे यांनी ८:२९.८० अशी वेळ देऊन तो मोडला. यानंतर त्यांची स्पर्धा मुख्यतः स्वतःच्याच वेळेशी राहिली. २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत इतर धावपटूंच्या पडझडीत ते अडखळले, तरीही ८:२५.२३ असा नवा उच्चांक झाला. भारताची हरकत मान्य होऊन त्यांना अंतिम फेरीत प्रवेश मिळाला आणि तेथे त्यांनी ८:२१.३७ अशी वेळ दिली. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, ८:१८.१२ हा आणखी एक उच्चांक झाला. पण अंतिम फेरी थोडक्यात हुकली.

राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ ते २०१८ पर्यंत या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियानेच नेली होती. ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅम येथे अब्राहम किबिवोट यांनी ८:११.१५ मध्ये शर्यत जिंकली; श्री. साबळे ८:११.२० मध्ये दुसरे आले. अंतर सेकंदाच्या पाच शतांशांचे! केनियाच्या मक्तेदारीला पडलेली ही चीर मांडव्याच्या शेतकरी-मजुरांनाही समजण्यासारखी होती. पुढील वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे त्यांनी ८:०९.९१ अशी वेळ नोंदविली. सहा वर्षांपूर्वीच्या भुवनेश्वरच्या वेळेपेक्षा ही सुमारे वीस सेकंदांनी कमी. पुढच्याच महिन्यात ते ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारे पहिले भारतीय पुरुष ठरले आणि अकरावे आले.

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे आशियाई अजिंक्यपद त्यांनी पटकाविले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, मोनाको येथील शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशीच त्यांच्या गुडघ्याला दुखापत झाली. अस्थिबंध फाटल्याने शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. अशा शस्त्रक्रियेनंतर धावपटूला प्रथम चालणे, मग सपाटीवर हलके धावणे, आणि सर्वांत शेवटी तुळईवर पाय टेकून पाण्यापलीकडे झेप घेणे, या क्रमाने सारे पुन्हा शिकावे लागते.