उसन्या इंजिनांचा इतिहास

हवाई दलाचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा आकाशातल्या झुंजीची गोष्ट निघते. एक विमान दुसऱ्याच्या पाठीस लागले, एकाने दुसऱ्यास पाडले, अशा हकिगती सांगायला सोप्या आणि ऐकायला गोड असतात. प्रस्तुत लेखात मला त्या सांगायच्या नाहीत. हवाई दलात आणखी एका जातीच्या स्क्वॉड्रन्स असतात. त्यांचे लक्ष्य वर नसते, खाली असते. शत्रूचे रणगाडे, पूल, मालगाड्या, तोफा आणि धावपट्ट्या शोधायच्या, झाडांच्या शेंड्यांना घासून जावे इतक्या खालून जायचे, बॉम्ब टाकायचे आणि जमिनीवरून सुटणाऱ्या गोळ्यांतून परत यायचे. या कामात कीर्ती कमी आणि माणसे जास्त खर्च होतात. म्हणूनच मला हा विषय घ्यावासा वाटला.

‘कला शाखेच्या मुलाला विमानाचे काय?’ असे माझ्या एका वर्गमित्राने विचारले. माझे उत्तर असे की रणगाडे, विमाने हा इतिहासाचाच भाग आहे. तो पदार्थविज्ञानाच्या वर्गाला आंदण दिलेला नाही. शिवाय मी निफाड तालुक्यातला. ओझरचा विमान कारखाना आमच्यापासून फार दूर नाही, आणि द्राक्षबागेत काम करताना डोक्यावरून गेलेले विमान कोणते, हे आमच्याकडे शाळकरी पोरेही ओळखतात.

प्रथम स्क्वॉड्रन म्हणजे काय ते सांगतो. साधारण सोळा ते अठरा विमाने, ती चालवणारे वैमानिक, ती दुरुस्त करणारे तंत्रज्ञ, एक क्रमांक आणि एक बोधचिन्ह मिळून स्क्वॉड्रन होते. विमाने पंधरा, वीस, फार तर चाळीस वर्षांत झिजतात. क्रमांक झिजत नाही. गावातल्या तालमीत वस्ताद बदलतात, पठ्ठे बदलतात, तालमीचे नाव राहते, तसेच हे आहे. विमाने संपली की कधी कधी स्क्वॉड्रन काही वर्षे केवळ कागदावर उरते आणि नवी विमाने आली की त्याच क्रमांकाने पुन्हा उभी राहते.

यातल्या ४५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची गोष्ट मला विशेष वाटते. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांबमधून अखनूरच्या रोखाने निघाले. दुपारी हवाई दलाची मदत मागण्यात आली. संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. हवाई दलप्रमुख अर्जन सिंग यांना त्यांनी तेथल्या तेथे परवानगी दिली आणि सायंकाळी पठाणकोटहून विमाने उडाली. त्यांत आघाडीला होती ४५ ची व्हॅम्पायर. व्हॅम्पायर हे आपल्या हवाई दलाचे पहिले जेट, १९४८ साली आलेले. वैमानिक ज्यात बसतो तो पुढचा भाग लाकडाचा! समोर पाकिस्तानची अमेरिकन सॅबर जेट. त्या एका सायंकाळी चार व्हॅम्पायर गमावली. त्यानंतर आघाडीवर ती पुन्हा पाठवली गेली नाहीत. वैमानिकांना काय माहीत नव्हते? आपले यंत्र सतरा वर्षे जुने आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. हुकूम आला, ते गेले.

सहाच दिवसांनी, ७ सप्टेंबरला, पहिल्या क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची मिस्तेर विमाने पाकिस्तानात खोलवर असलेल्या सरगोधा तळावर गेली. ही फ्रेंच विमाने आवाजापेक्षा कमी वेगाची, आणि इंधन जेमतेम परतीपुरते. त्यांतून स्क्वॉड्रन लीडर अज्जमाडा देवय्या परतले नाहीत. ते मूळच्या यादीत नव्हते, राखीव होते. त्यांचे काय झाले हे कित्येक वर्षे इकडे कळले नव्हते. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या एका स्टारफायटरशी झुंजून त्यांनी ते पाडले होते, हे पुढे एका इंग्रज लेखकाच्या पुस्तकामुळे उजेडात आले. १९८८ साली, म्हणजे तेवीस वर्षांनी, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. मी हे सारे वाचत असताना एकदा वडिलांना मोठ्या उत्साहाने सांगत होतो, की विमाने आपल्या देशात बनतात, ओझरला बनतात वगैरे. वडील चौथी शिकलेले, पण तालुक्यातले कुठलेही डिझेल इंजिन डोळे मिटून खोलून जोडणारे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आन् इंजिन कुनाचं?” मी निरुत्तर झालो. त्या एका प्रश्नाने माझी टिपणे मला पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागली.

हल्ला करणाऱ्या विमानाला इंजिनाचा जोर सर्वांत जास्त लागतो. खालची हवा दाट, तिच्यातून वेगाने जायचे. पंखांखाली बॉम्ब आणि रॉकेटे. वर राजस्थानातला उन्हाळा. तापलेल्या हवेत इंजिनाला दम कमी मिळतो. तीन अश्वशक्तीचे इंजिन सत्तर फूट विहिरीवर बसवले तर पाणी येईल, पण पाटाच्या शेवटापर्यंत पोहोचणार नाही. आपल्या मारुत विमानाचे नेमके हेच झाले.

मारुत हे आशिया खंडातल्या एका नव्या स्वतंत्र देशाने मोठ्या हिमतीने हाती घेतलेले काम होते. महायुद्धात फोके-वुल्फ १९० हे नामांकित विमान आखणारे जर्मन तज्ज्ञ कुर्ट टांक १९५६ साली बंगलोरला आले आणि त्यांच्या हाताखाली आपल्या अभियंत्यांनी एचएफ-२४ आखले. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते प्रथम उडवले. बांधा असा सुंदर की आजही छायाचित्र पाहताना नजर ठरते. पण ज्या जोरदार ब्रिटिश ऑर्फियस इंजिनावर सगळा आराखडा बेतला होता, ते इंजिन तयारच झाले नाही. त्याच्या विकासाचा खर्च भारताने सोसावा असे आले आणि दिल्लीने नकार दिला. मग नॅट या चिमुकल्या विमानाच्या घराण्यातली दोन साधी ऑर्फियस त्यात बसवली. आवाजाच्या दुप्पट वेगासाठी आखलेले विमान सरळ उड्डाणात आवाजाची सीमाही ओलांडेना.

पर्याय शोधले नाहीत असे नव्हे. इजिप्तमध्ये ऑस्ट्रियन अभियंता ब्रांडनर एक इंजिन तयार करत होते. आपले एक मारुत तिकडे नेऊन १९६७ मध्ये ते त्यात बसवून उडवलेही. पुढे अरब-इस्रायल युद्ध झाले आणि १९६९ साली इजिप्तने तो उद्योगच गुंडाळला. इकडे बंगलोरला ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडण्याची खटपट चालली होती. आफ्टरबर्नर म्हणजे इंजिनाच्या शेपटीत पुन्हा इंधन फवारून ते पेटवायचे आणि जोर वाढवायचा. अशा विमानाच्या चाचणीत १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास अपघातात गेले. ज्याने मारुत पहिल्यांदा आकाशात नेले, त्याचाच बळी या इंजिनाच्या शोधात पडावा! बंगलोरमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

असे अपुऱ्या बळाचे विमान १९६७ पासून १० क्रमांकाच्या आणि त्यानंतर २२० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने घेतले, आणि १९७१ च्या डिसेंबरात वाळवंटात त्याचे सोने केले. जोधपूर आणि उत्तरलाईहून मारुत सिंधमधल्या रेल्वेगाड्या व छावण्यांवर तुटून पडत. हवाई झुंजीत एकही मारुत पडले नाही. उलट ७ डिसेंबरला स्क्वॉड्रन लीडर के. के. बक्षी यांनी एक सॅबर पाडल्याची नोंद आहे. खालच्या गोळीबाराने एक इंजिन बंद पडल्यावर दुसऱ्याच्या बळावर परतल्याचे प्रसंगही घडले. दोन इंजिनांचा हा फायदा. मिळून १४७ मारुत बांधली गेली आणि १९९० पर्यंत ती संपली. पुरेसे इंजिन मिळते तर काय झाले असते, याच्या चर्चा आजही जाणकार करतात. मला त्या चर्चांपेक्षा इतकेच नोंदवावेसे वाटते की आराखडा आपल्याकडे होता आणि वैमानिक आपल्याकडे होते.

त्याच युद्धातले लोंगेवाला सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. जैसलमेरला अवघी चार हंटर विमाने होती. रात्री लढण्याची सोय त्यांच्यात नसल्याने मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या जवानांना ५ डिसेंबरच्या पहाटेपर्यंत चौकी एकट्याने लढवावी लागली. उजाडताच हंटर आली. वाळूत रणगाड्यांना लपायला जागा नाही आणि वर त्यांचे विमान नाही. जीव वाचवण्यासाठी रणगाडे गोल गोल फिरले, त्यांच्या चाकोऱ्यांची हवाई छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. हंटरच्या बरोबरीने त्या युद्धात रशियन सुखोई-७ च्या सहा स्क्वॉड्रन्स लढल्या. यंत्र दणकट, मार खाऊन परत येणारे. पण इंजिन इतके तहानलेले की पोटाखाली दोन जादा टाक्या लावाव्याच लागत आणि मग बॉम्बला जागा अपुरी पडे.

यापुढची निवड १९७८ साली झाली. जग्वार हे इंग्रज-फ्रेंच विमान घेण्याचा निर्णय पक्का होत होता त्या काळात हवाई दलप्रमुख होते हृषीकेश मुळगावकर. १९७९ मध्ये पहिली जग्वार अंबाल्याला उतरली, ‘शमशेर’ म्हणून त्यांचे बारसे झाले. जहाजांवर मारा करणारी सहाव्या क्रमांकाची जग्वार स्क्वॉड्रन अनेक वर्षे पुण्याच्या लोहगावहून उडत असे. जमिनीलगत वाट काढण्यात हे विमान पटाईत. परंतु उकाड्यात भार घेऊन चढताना इंजिन धापा टाकते, ही तक्रार जुनी आहे. नवी अमेरिकन इंजिने बसवण्याची योजना कित्येक वर्षे रेंगाळली आणि खर्च भरमसाट वाढल्यामुळे २०१९ मध्ये सोडून दिली. २०२५ साली मार्च, एप्रिल आणि जुलैत मिळून तीन जग्वार कोसळली, तीन वैमानिक गेले. त्या वर्षी जगात जग्वार उडवणारे एकटे आपलेच हवाई दल उरले होते.

आणि आमचे ओझर. तेथे मिग-२१ नंतर मिग-२७ बांधण्यात आली, सुमारे १६५. त्यांना ‘बहादूर’ हे नाव होते. पंख मागेपुढे होणारे, सहा नळ्यांची तोफ असलेले हे विमान रशियन परवान्याने येथे जोडले जाई आणि त्याचे इंजिन ओरिसातल्या कोरापूटला, तेही परवान्याने. परवान्याने बांधणे आणि स्वतः घडवणे यांत फरक आहे. पहिल्यात हात आपला असतो, अक्कल विकत घेतलेली असते. जेट इंजिनाच्या टर्बाइनची पाती अशा वायूत फिरतात की त्याची उष्णता त्या धातूच्या वितळबिंदूहून अधिक असते. ती वितळू नयेत म्हणून पात्याच्या पोटात केसासारखे हवेचे मार्ग ठेवतात आणि संपूर्ण पाते धातूच्या एकाच स्फटिकाचे ओततात. ही विद्या ज्या मोजक्या देशांकडे आहे ते यंत्र विकतात, विद्या विकत नाहीत.

२७ मे १९९९ रोजी कारगिलच्या बटालिक भागात नवव्या स्क्वॉड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत यांच्या मिग-२७ चे इंजिन मारा करताना विझले. तेथे उंचीवर हवा विरळ, आणि इंजिन एकच. ते छत्रीने उतरले, पकडले गेले आणि आठ दिवसांनी सुटले. त्यांना शोधत राहिलेले १७ व्या स्क्वॉड्रनचे अजय आहुजा मात्र मिग-२१ सह पाडले गेले व मारले गेले. फेब्रुवारी २०१० मध्ये एका अपघातानंतर सगळी मिग-२७ काही काळ जमिनीवर उभी करावी लागली. २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूरला २९ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने शेवटचे उड्डाण केले.

एवंच, क्रमांक मात्र चालत राहिले. ३१ व्या स्क्वॉड्रनने मिस्तेर, मारुत, मिग-२३ आणि सुखोई-३० अशी चार घराणी पाहिली. आहुजांच्या १७ क्रमांकाला २०१९ मध्ये राफेलसाठी पुन्हा उभे केले. काहींचे नशीब असे नाही. मंजूर ४२ स्क्वॉड्रन्सपैकी, २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाल्यावर, २९ उरल्या.

आणि ४५? छांबला लाकडी नाकाच्या व्हॅम्पायरमधून गेलेल्या त्या स्क्वॉड्रनकडे पुढे मिग-२१ आली, आणि २०१६ साली आपल्या देशात आखलेले तेजस सर्वांत आधी तिलाच मिळाले. तेजससाठी कावेरी नावाचे स्वदेशी इंजिन करण्याचे १९८९ मध्ये ठरले होते. ते वेळेत जमले नाही आणि २००८ मध्ये दोघांची ताटातूट झाली. सुधारित तेजसची ८३ विमाने २०२१ मध्ये मागवली. ती २०२४ पासून मिळायची होती, पण अमेरिकेहून यायच्या ९९ इंजिनांतले पहिलेच मार्च २०२५ मध्ये हाती आले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बांधलेले पहिले तेजस आमच्या तालुक्याच्या आकाशात चढले. त्याच्या पोटातही तेच अमेरिकन इंजिन होते.