वकिलातीच्या हाती काय असते: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

परदेशातील भारतीय वकिलातीची जागा म्हणजे भारताचीच भूमी, ही समजूत चित्रपटांमुळे चांगलीच रुजली आहे. पाठलाग चुकवत आलेला माणूस फाटक ओलांडतो आणि सुटतो, असे पडद्यावर दिसते. प्रत्यक्षात ती जमीन यजमान देशाचीच राहते. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या बाविसाव्या कलमाने वकिलातीच्या आवाराला एक संरक्षण दिले आहे: वकिलातप्रमुखाच्या संमतीशिवाय स्थानिक पोलिसांना आत पाऊल टाकता येत नाही. पण संरक्षण मिळाले म्हणून देश बदलत नाही. त्या आवारात जन्मलेले मूल भारतभूमीवर जन्मलेले मानले जात नाही आणि फाटकाबाहेर तिथल्याच देशाचा कायदा चालतो. वकिलातीकडून नको त्या अपेक्षा ठेवल्या जातात आणि हक्काची मदत मात्र मागितली जात नाही, या दोन्हींचे मूळ बहुधा याच एका समजुतीत सापडते.

‘वाणिज्य दूतावास’ हा शब्दही घोटाळ्यात भर घालतो. परक्या बंदरात आपल्या व्यापाऱ्यांचे हित पाहणारा माणूस, अशी या पदाची जुनी ओळख होती आणि मराठी नावात ती टिकून राहिली. आज तिथले बरेचसे काम पासपोर्ट, जन्म-मृत्यूच्या नोंदी, तुरुंगभेटी आणि अडलेल्या माणसाला घरी पाठवणे असे असते. दूतावास राजधानीत असतो आणि इतर मोठ्या शहरांत वाणिज्य दूतावास. संयुक्त अरब अमिरातीत दूतावास अबू धाबीला आहे, दुबई आणि उत्तरेकडील अमिराती मात्र दुबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. राष्ट्रकुलातील देशांत दूतावासालाच उच्चायोग म्हणतात, काम तेच. आपण कोणत्या कार्यालयाच्या कक्षेत राहतो हे आधी माहीत असेल, तर अडचणीच्या दिवशी चुकीच्या दारात वेळ जात नाही.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज अटकेबाबतचा आहे. भारतीय नागरिकाला परदेशात अटक झाली की वकिलातीला आपोआप कळते आणि ती त्याला सोडवते, असे घरच्यांना वाटते. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे छत्तिसावे कलम वेगळे सांगते. अटक करणाऱ्यांनी कैद्याला त्याचा हक्क विनाविलंब समजावून सांगायचा असतो आणि त्याने मागणी केली, तर त्याच्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला कळवायचे असते. ‘मागणी केली तर’ हे शब्द निर्णायक आहेत. घाबरलेला, भाषा न समजणारा माणूस गप्प राहिला, तर त्याची खबर कित्येक दिवस कोणालाच लागत नाही. खबर लागल्यावर अधिकारी तुरुंगात भेटू शकतो, वकिलांची यादी देऊ शकतो, छळ होत असेल तर तक्रार नोंदवू शकतो, घरी निरोप पोचवू शकतो. जामीन देणे, तपास करणे, न्यायालयात बाजू मांडणे ही कामे त्याची नाहीत. यजमान देशाच्या कायद्यांचा मान राखण्याचे बंधन त्याच कराराने त्याच्यावरही घातले आहे.

पाकिस्तानच्या ताब्यातील भारतीय नागरिक कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात ही मर्यादा आणि या हक्काचे मोल, दोन्ही एकाच निकालात दिसले. पाकिस्तानातील लष्करी न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना मृत्युदंड सुनावला, तोवर भारतीय अधिकाऱ्यांना त्यांची एकदाही भेट मिळाली नव्हती. भारत हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पाकिस्तानने छत्तिसावे कलम मोडल्याचे सांगितले, भारतीय वाणिज्य अधिकाऱ्यांना जाधव यांना भेटू देण्यास बजावले, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला लावला आणि तोवर फाशीची अंमलबजावणी थांबवली. सुटकेची भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. भेटीचा हक्क हा न्याय्य वागणुकीचा हक्क आहे, सुटकेचा नाही, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारे उदाहरण मिळणे कठीण.

मच्छीमारांच्या बाबतीत हीच गोष्ट रोजच्या पातळीवर घडते. पालघर जिल्ह्यातील अनेक खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि समुद्रात सीमारेषा ओलांडली गेली की पाकिस्तानच्या ताब्यात सापडतात. २१ मे २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला आपापल्या तुरुंगांतील एकमेकांच्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. अटकेनंतर तीन महिन्यांत वाणिज्य अधिकाऱ्याची भेट, तसेच शिक्षा संपून राष्ट्रीयत्व निश्चित झाल्यावर एका महिन्यात सुटका, असे त्या करारात ठरले आहे. राष्ट्रीयत्वाची ही खात्री इस्लामाबादेत बसून होत नाही. खलाशाचे नाव, बापाचे नाव, गाव यांची पडताळणी इकडे गावात, तालुक्याला, जिल्ह्याला व्हावी लागते. शिक्षा संपल्यावरही माणसे अडकून राहतात, त्यामागे राजकारण असते आणि कागदही असतात. घरात जपून ठेवलेले शाळा सोडल्याचे दाखले आणि रेशनकार्डे अशा वेळी समुद्रापलीकडच्या तुरुंगाशी जोडली जातात.

पैशांबाबत दोन टोकांचे समज आढळतात. एक म्हणजे वकिलात तिकीट, दंड, रुग्णालयाचे बिल सगळे भरते; दुसरा म्हणजे ती छदामही देत नाही. खरी व्यवस्था या दोहोंच्या मधली आहे. २००९ मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी सुरू झाला. वाणिज्य सेवांच्या शुल्कासोबत घेतली जाणारी छोटी रक्कम त्यात जमा होते. अत्यंत गरजूंना, परिस्थितीची शहानिशा करून, तात्पुरता निवारा, परतीचे तिकीट, तातडीचा उपचार, काही प्रकरणांत वकिलाचा खर्च किंवा पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च यातून मिळू शकतो. पाकीट मारले गेलेल्या पर्यटकाच्या उरलेल्या सहलीसाठी हा निधी नाही. त्याच्यासाठी प्रवासविमा असतो आणि तो न काढणे ही खोटी काटकसर आहे.

पासपोर्ट मालकाकडे ठेवावाच लागतो, हा आखाती देशांत जाणाऱ्या कामगारांना आवर्जून सांगितला जाणारा गैरसमज. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या सतराव्या कलमानुसार पासपोर्ट कायम केंद्र सरकारची मालमत्ता असतो. कामगाराचा पासपोर्ट जप्त करण्यास कतारने २०१५ च्या कायद्याने मनाई केलेली आहे. तरीही मालकाने तो दडवला किंवा तो हरवला, तर वकिलातीकडून आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. हे एकेरी प्रवासाचे पत्र असून त्यावर फक्त भारतात परतता येते. मात्र ते हाती आले म्हणजे विमानात बसता येतेच असे नाही. व्हिसाची मुदत उलटून गेली असेल, तर थकलेला दंड आणि देश सोडण्याची परवानगी हे विषय यजमान देशाच्या अधिकाऱ्यांकडे मिटवावे लागतात.

याच कामगारांना ‘ईसीआर’, म्हणजे उत्प्रवास परवानगी आवश्यक असल्याचा, शिक्का अडवतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर हा शेरा येतो. तो असला की परदेशी जाताच येत नाही, असे सांगून दलाल पैसे काढतात. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील ही परवानगी आखाती देशांसह काही ठरावीक देशांत नोकरीसाठी जातानाच लागते. पर्यटनाला किंवा नातलगांना भेटायला जाताना नाही. या पळवाटेचाच उलटा वापर होतो आणि तोच खरा धोका आहे. परवानगी टाळण्यासाठी माणसाला पर्यटक व्हिसावर पाठवून तिथे कामाला जुंपले जाते. मग त्याच्याकडे नोंदलेला करार नसतो, रीतसर गेलेल्या कामगाराला बंधनकारक असलेला दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमाही नसतो आणि तिथल्या कायद्याच्या नजरेत तो स्वतःच दोषी ठरतो. वकिलातीचे हात बांधले जातात ते इथे, निघण्यापूर्वीच.

आता व्हिसा. व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी, असे मानले जाते. व्हिसा दाराशी जाण्याची मुभा देतो. आत घ्यायचे की नाही, हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो. अमेरिकेचा दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा मिळाला म्हणजे दहा वर्षे राहता येते, हा समज तर कुटुंबांना थेट संकटात ढकलतो. त्या दहा वर्षांत अनेकदा जाता येते एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक खेपेचा मुक्काम तिथे उतरल्यावर नोंदला जातो आणि तो साधारणपणे सहा महिन्यांचा असतो. मुदतीपुढे १८० दिवसांहून अधिक राहून परतणाऱ्यावर तीन वर्षांची, तर वर्षाहून अधिक राहिलेल्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी येऊ शकते. नातवंडांच्या संगोपनासाठी थांबलेल्या आजी-आजोबांना ही तारीख कोणीतरी आठवणीने सांगायला हवी.

शेंगेन व्हिसाचे गणितही असेच चुकते. युरोपातील २९ देशांसाठी तो एकच असतो, पण कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवसच राहता येते आणि हे दिवस देशागणिक नव्हे, सगळे मिळून मोजले जातात. आयर्लंड त्यात नाही, ब्रिटन तर नाहीच. अर्ज जिथे सर्वाधिक मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो. ‘लवकर देतात’ म्हणून भलत्याच देशाकडे केलेला अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी केंद्रातील कर्मचारी व्हिसा देतात, हेही खरे नाही. ते कागद तपासतात, बोटांचे ठसे घेतात, पाकिटे पोचवतात. निर्णय त्या देशाच्या वकिलातीतला अधिकारी घेतो. म्हणून ‘हमखास व्हिसा’ विकणारा दलाल मुळात स्वतःच्या हाती नसलेली वस्तू विकत असतो. बँकेत ऐनवेळी उसने पैसे भरून उपयोग होत नाही. अमेरिकेच्या कायद्यात पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण स्थायिक व्हायलाच निघाला आहे असे गृहीत धरले जाते. परतण्याची कारणे अर्जदाराने पटवायची असतात. नोकरी, शेती, शिक्षण, घरची माणसे. नकार मिळाल्यास शुल्क परत मिळत नाही आणि भारत सरकारही मध्ये पडू शकत नाही. परक्याला आत घेणे न घेणे हा प्रत्येक देशाचा स्वतःचा अधिकार आहे.

नागरिकत्वाभोवतीचे गैरसमज पिढ्यांवर परिणाम करतात. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ‘ओसीआय’ कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व, हा त्यातला पहिला. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. कार्डधारकाला आयुष्यभर येण्याजाण्याची मुभा असते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गोव्यात हा प्रश्न घरोघरी पोचला आहे. पोर्तुगीज राजवट संपण्यापूर्वी, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वावर दावा करता येतो. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन भारतीय पासपोर्टही वापरत राहणे कायद्यात बसत नाही. परदेशात भारतीय आईबापांना झालेले मूल आपोआप भारतीय ठरते, हा दुसरा. ३ डिसेंबर २००४ पासून अशा जन्माची नोंद वर्षाच्या आत भारतीय वाणिज्य दूतावासात व्हावी लागते आणि मुलाकडे अन्य देशाचा पासपोर्ट नसल्याचे लिहून द्यावे लागते. मुदत टळल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. वकिलातीत मतदान करता येते, हा तिसरा. तसे ते होत नाही. २०११ पासून अनिवासी नागरिकाला मतदारयादीत नाव नोंदवता येते, पण मत द्यायला त्याला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतःच्या मतदारसंघातील केंद्रावरच यावे लागते.

मृत्यू ही सर्वांत कठीण वेळ. वकिलातीला सांगितले की पार्थिव दोन दिवसांत येते, असे कुटुंब धरून चालते. आधी तिथला वैद्यकीय किंवा मृत्यूचा दाखला लागतो, घातपाताचा किंवा अपघाताचा संशय असल्यास पोलिसांचा अहवाल, मग वारसांची संमती, शव टिकवण्याच्या प्रक्रियेचे प्रमाणपत्र आणि शेवटी पासपोर्ट रद्द करून वकिलातीचे ना-हरकत पत्र. अपघाती मृत्यूत तपास संपेपर्यंत कोणतीही वकिलात घाई करवू शकत नाही. तिथेच अंत्यसंस्कार करून अस्थी आणायच्या असतील, तर त्यासाठीही संमती आणि वेगळे पत्र लागते. कामगाराचा थकलेला पगार आणि नुकसानभरपाई आपसूक येत नाही. वारसांनी वारस दाखला आणि मुखत्यारपत्र पाठवल्यावर वकिलात त्याचा पाठपुरावा करू शकते. वसूल झालेली रक्कम अनेकदा जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत वारसांच्या हाती पडते.